आरशापुढची करुणा

आपल्या शरीराची वाटणारी लाज हा ज्याचा त्याचा खासगी आजार आहे आणि योगासने व बौद्ध परंपरेतून आलेली ‘आत्मकरुणा’ यांचा काढा सकाळ-संध्याकाळ घेतला की तो बरा होतो, अशी समजूत सध्या फार वेगाने पसरते आहे. महाविद्यालयांतली व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती, सगळीकडे तीच. आमचा आक्षेप योगाला नाही. करुणेला तर नाहीच नाही. या दोन थोर परंपरांत पाणी घालून घालून जे पातळ पेय विद्यार्थ्यांना पाजले जाते, त्याला आमचा आक्षेप आहे. ते निरुपद्रवी असते तर आम्ही गप्प बसलो असतो. आमच्या मते ते तसे नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अशाच एका शिबिरात आम्ही श्रोते म्हणून बसलो होतो. (महाविद्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, ते कोणतेही असू शकते.) मार्गदर्शिकाबाईंनी मुलींच्या हाती लहान लहान आरसे दिले आणि त्यांत पाहत ‘मी सुंदर आहे, माझे माझ्या शरीरावर प्रेम आहे’ असे दहा वेळा म्हणायला लावले. मग थोडे प्राणायाम, मग डोळे मिटून स्वतःला क्षमा. मागच्या बाकांवरच्या दोघीतिघींनी आरसा उपडा करून ठेवला होता. बाईंनी त्याला ‘मनाचा अवरोध’ म्हटले. आम्हाला मात्र त्या सभागृहात त्या सकाळी घडलेले ते एकमेव विचारी कृत्य वाटले.

मुळात ही लाज येते कोठून? मराठीत मुलगी ‘पाहतात’. हे क्रियापद इतके अंगवळणी पडले आहे की त्यातली मेख ध्यानात येत नाही. एकाने पाहायचे, दुसरीने पाहून घ्यायचे. पूर्वी चार पावले चालून दाखवावे लागे. आता कांदेपोह्यांच्या आधीच छायाचित्र चाळून झालेले असते, एवढाच फरक. वधूवर-सूचक सदरांची भाषा ज्यांनी बारकाईने वाचली असेल त्यांना ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ या पदबंधातला ‘पण’ ठाऊक असेल. शालेय व्याकरण त्याला न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणते, आणि इतके समर्पक नाव व्याकरणात दुसरे नसेल. पंढरीचा देव काळा चालतो, सून चालत नाही, हे तर आपल्या आजीलाही माहीत होते. घराघरांत ‘काळी’, ‘ढोली’, ‘लुकडी’, ‘बुटकी’ ही नावे लाडाने घेतली जातात असा एक बचाव नेहमी ऐकू येतो. मुलगा अशक्त असला की तो ‘पाप्याचे पितर’ होतो, आणि त्या शब्दाने सोळाव्या वर्षी व्यायामशाळेत धाडलेली, नको ती भुकटी दुधातून पिणारी मुले आमच्या वर्गांत बसतात. लाड म्हणून दिलेले नाव वीस वर्षांनंतर उतरवता येत नाही.

या लाजेवर चालणारा धंदाही जुना आहे. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठल्यावर, त्याचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. नाव गेले, सोय गेली, निवड राहिली. एवढ्या विस्तीर्ण कारखान्यात जी लाज दिवसरात्र तयार होते तिच्यावर उपाय काय, तर म्हणे मुलीने स्वतःला क्षमा करावी! तिने अपराध कोणता केला, हे कोणी सांगेल काय?

आता आरशाकडे वळू. १९९७ साली बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी ‘वस्तूकरणा’चा सिद्धान्त मांडला. स्त्रीच्या शरीराकडे सतत बाहेरून पाहिले जाते तिथे ती स्वतःकडेही बाहेरूनच पाहायला शिकते. पाहणाऱ्याची नजर तिच्या आत येऊन बसते आणि मग प्रत्यक्ष पाहणारा नसला तरी पहारा चालू राहतो. हे खरे मानले, आणि मराठी कथेतल्या कितीतरी नायिका ते खरे असल्याची साक्ष देतील, तर ‘मी सुंदर आहे’ या मंत्राचे मोल काय उरते? प्रश्नपत्रिका तीच, परीक्षकही तोच. फक्त उत्तर ‘नापास’ऐवजी ‘पास’ असे द्यायचे. तेही स्वतःच, आणि दहा वेळा. ज्या दिवशी हे उत्तर देता येणार नाही त्या दिवशी शरीराच्या लाजेत आणखी एक लाज मिसळणार: आपल्याला स्वतःवर प्रेमसुद्धा करता येत नाही. शिबिरातून घरी परतणाऱ्या मुलीच्या दप्तरात आम्ही हे दुसरे ओझे पाहतो. निरुपद्रवी नाही म्हटले ते यासाठी.

योगाच्या नावाने हे सारे खपवणाऱ्यांनी पतंजली तरी उघडून पाहावा. योगसूत्रांच्या साधनपादात शौचाचे फळ म्हणून जे सांगितले आहे ते देहप्रेम नव्हे, ‘स्वाङ्गजुगुप्सा’ आहे. म्हणजे स्वतःच्या अंगांविषयीची घृणा. जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. पुढे विभूतिपादात त्याच ग्रंथात रूप, लावण्य, बल यांना ‘कायसंपत्’ म्हणून सिद्धींच्या यादीत स्थान मिळते. तेव्हा ‘प्राचीन योग आपल्याला शरीरावर प्रेम करायला शिकवतो’ हे वाक्य व्यासपीठावरून कितीही गोड वाटले तरी ग्रंथाला धरून नाही. शरीराविषयी ती परंपरा दुमनी आहे आणि तिचे दुमनेपण लपवण्यात कोणाचेच हित नाही.

अर्वाचीन योगाची गोष्ट तर आणखी वेगळी. तो आपल्या शेजारीच वाढला. सांताक्रूझची योगेंद्रांची संस्था १९१८ ची, लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम १९२४ चे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करीत होते तोही काळ हाच. तालीम, शरीरसौष्ठव, कॅमेरा आणि आसन हे एकाच पिढीचे सोबती आहेत. बी. के. एस. अय्यंगारांचे ‘लाइट ऑन योगा’ १९६६ साली आले ते सुमारे सहाशे छायाचित्रांसह, आणि तेव्हापासून आसन म्हणजे काय याचे उत्तर जगभर छायाचित्रात शोधले जाऊ लागले. त्याचा शेवट २१ जूनला दरवर्षी दिसतो. आसन जमले की नाही यापेक्षा ते टिपले गेले की नाही याची काळजी जास्त.

पण येथे थांबणे अन्यायाचे होईल, कारण त्याच अय्यंगारांच्या कामाला दुसरी बाजू आहे. १९१८ च्या साथीच्या वर्षी जन्मलेला हा मुलगा मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पोखरलेला होता. हातपाय काडीसारखे, डोके मोठे. असा देह घेऊन ते १९३७ साली पुण्यात आले आणि पुढे विटा, दोर, घोंगड्या, खुर्च्या यांच्या साहाय्याने आसन करवण्याची पद्धत त्यांनी घडवली. या विटेकडे आपण नीट पाहायला हवे. हात जमिनीला टेकत नसेल तर जमीन वर आणायची! दोष हाताचा नाही, कमरेचा नाही, वयाचा तर नाहीच. शरीराने चित्रात बसण्याऐवजी आसनाने शरीरापाशी यायचे. ज्यांनी वीट घेऊन त्रिकोणासन केले आहे त्यांना ठाऊक आहे की त्या क्षणी आपण कसे दिसतो हा प्रश्नच उरत नाही. टाच दाबली की मांडी मागे सरते, मांडी सरली की श्वासाला जागा होते, एवढेच कळत असते. २००५ साली जेनिफर डॉबेनमिअर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात योग करणाऱ्या स्त्रिया एरोबिक्स करणाऱ्यांच्या तुलनेत स्वतःकडे वस्तू म्हणून कमी पाहतात असे आढळले होते. शरीराच्या आतल्या जाणिवेशी त्याचा संबंध दिसला. अशा तुलनेतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे मान्य. पण दिशा पटण्यासारखी आहे. योगाने लाज कमी होत असेल तर ती शरीर ‘आवडू’ लागल्यामुळे नव्हे, पाहणाऱ्याला घटकाभर रजा मिळाल्यामुळे. मग योगवर्गाच्या भिंतींना आरसे कशाला लावतात हे आम्हाला आजवर उमगलेले नाही.

बौद्ध परंपरेकडे येताना आधी तिच्यातली सर्वांत अवघड गोष्ट सांगितली पाहिजे, जी शिबिरांत कधीच सांगितली जात नाही. पाली साहित्यात अशुभभावनेला मोठे स्थान आहे: केस, नखे, दात, त्वचा असे देहाचे घटक मोजीत त्याच्या किळसवाणेपणाचे चिंतन करायचे. वैशालीत बुद्धाने भिक्खूंना हे चिंतन सांगितले आणि तो पंधरवडाभर एकांतात गेला, अशी हकीकत संयुत्तनिकायात आणि विनयपिटकातही आहे. परतल्यावर त्याने आनंदाला विचारले की संघ असा विरळ का दिसतो? उत्तर भयंकर होते. स्वतःच्या देहाची शिसारी येऊन भिक्खूंनी प्राणत्याग केला होता. तेव्हा बुद्धाने उरलेल्यांना बोलावून आनापानसती शिकवली. म्हणजे श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढेच जाणणे. टीकाकारांनी या हकीकतीचा मेळ पूर्वकर्माशी घालण्याचा प्रयत्न केला. तो त्यांचा भाग. आमच्या दृष्टीने महत्त्व याला आहे की देहाची किळस माणसाला मारू शकते हे या परंपरेने आपल्याच ग्रंथात, आपल्याच संघाबद्दल नोंदवून ठेवले. आणि त्यावर उतारा म्हणून ‘देह सुंदर आहे’ असे म्हटले नाही. किळसेच्या जागी स्तुती न आणता श्वास आणला. निंदा आणि स्तुती दोन्ही पाहणाऱ्याच्याच. श्वास मात्र ज्याचा त्याला आतून कळतो.

‘आत्मकरुणा’ हा आजचा शब्द अमेरिकेतून आला. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली ही संकल्पना मानसशास्त्रात मांडली, तीही बौद्ध विचारातूनच. तिचे तीन घटक त्या सांगतात: स्वतःशी ममतेने वागणे, आपले दुःख सर्व माणसांच्या दुःखाचाच भाग आहे हे ओळखणे, आणि सजगता. शिबिरांत पोचते ती फक्त पहिली गोष्ट. दुसरी वाटेत कोठे गळून पडते, याचा शोध घ्यावा असा आहे. मूळ परंपरेत तर हे आणखी स्पष्ट आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करायला सांगितले आहे खरे, पण ते साक्षीदार म्हणून: मला जसे सुख हवे तसे इतरांनाही. तेथून आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग तटस्थ, मग वैरी, आणि शेवटी या सर्वांतल्या सीमा मोडणे. ज्या साधनेची पहिली पायरी ‘मी’ आहे आणि शेवटची ‘मी आणि वैरी यांत भेद नाही’ ही आहे, तिची पहिली पायरी उखडून घरी नेऊन तिच्यावर बसून राहणे याला साधना म्हणत नाहीत. मराठी वाचकाला हे कळायला अमेरिकेला जाण्याचीही गरज नव्हती. गोव्याच्या साखवाळ गावातून निघून बौद्ध विद्येच्या शोधात देश पालथे घातलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘विसुद्धिमग्ग’ संपादित केला आणि त्यातल्या साधनेची ओळख ‘समाधिमार्ग’ या पुस्तकातून सोप्या मराठीत करून दिली. जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावे.

येथे दोन कथा शेजारी ठेवून पाहू. पहिली अष्टावक्राची, लोकपरंपरेत सांगतात तशी. आठ ठिकाणी वाकडा देह घेऊन तो जनकाच्या सभेत येतो, पंडित हसतात, आणि तो म्हणतो की ही विद्वानांची नव्हे, चर्मकारांची सभा आहे, यांना फक्त चामडे दिसते. ही कथा आमच्याकडे देहाच्या हेटाळणीवरचे बिनतोड उत्तर म्हणून सांगितली जाते. शिबिरांतही ऐकली आहे. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की एका माणसाचा अपमान पुसण्यासाठी येथे एका अख्ख्या जातीचा अपमान वापरला गेला. वर्गात त्या जातीतला मुलगा बसलेला असतो.

दुसरी कथा लकुण्टक भद्दियाची, ‘उदान’ातली. हा भिक्खू बुटका, कुरूप, पाठीत वाकलेला; इतर भिक्खू त्याला तुच्छ लेखीत. पुष्कळ भिक्खूंच्या मागून चालत येणाऱ्या भद्दियाला बुद्ध दुरून पाहतो आणि जवळच्यांना विचारतो, तो येणारा तुम्हाला दिसतो का? मग सांगतो की हा महासामर्थ्यवान आहे, ज्यासाठी माणसे घर सोडतात ते याला साधले आहे. बस. भद्दिया सुंदर असल्याचे कोणी म्हणत नाही. त्याला स्वतःवर प्रेम करायला सांगितले जात नाही. उपदेश होतो तो पाहणाऱ्यांना. दुरुस्ती करायची आहे ती त्यांच्या नजरेची. आणि ती करताना कोणा तिसऱ्याला चिखलात ढकलले जात नाही.

यावर आमचे एक सहकारी नेहमी म्हणतात की नजर बदलायला शतके लागतील, मुलीला आज रात्री झोप यायला हवी. हे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. जी मुलगी आज जेवत नाही तिला आज आधार हवा, आणि गरज असेल तर डॉक्टर हवा, शिबिर नव्हे. श्वास, आसन, स्वतःविषयीची मैत्री यांनी तिला रात्र काढता येत असेल तर ती जरूर काढावी. परंतु आधार देताना रोगाचे नाव खोटे सांगू नये. ‘तुझ्यात आत्मकरुणा कमी आहे’ हे खोटे नाव आहे. ‘तुला अनेकांनी, अनेक वर्षे, विनाकारण लाजवले आहे’ हे खरे नाव आहे. खऱ्या नावानेही झोप येते, कदाचित अधिक शांत.

महाराष्ट्रात तरी हे विसरता येऊ नये. येथे लक्षावधी माणसांना आपल्या देहाची लाज शिकवली गेली ती आरशातून नव्हे. सावली पडू नये म्हणून, स्पर्श होऊ नये म्हणून दुसऱ्याने आखडून घेतलेल्या अंगातून त्यांनी ती शिकली. त्यांना कोणी ‘आपल्या शरीराला क्षमा करा’ असे सांगितले असते तर तो क्रूर विनोद ठरला असता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात दुःखाचा विचार माणसामाणसांतल्या संबंधांच्या संदर्भात मांडला. करुणेवर न थांबता ते मैत्रीपर्यंत गेले. हा बुद्ध येथे, आपल्या भाषेच्या प्रदेशात, उभा असताना आत्मकरुणेच्या शिबिरांत त्याचे नावही निघत नाही, याचा आम्हाला विषाद वाटतो. आश्चर्य वाटत नाही. त्याचे नाव काढले की कोणी कोणाला लाजवले याचा हिशेब निघतो, आणि तो आरशात मावत नाही.

साहित्याच्या अध्यापकांना या सगळ्याशी काय कर्तव्य, असे विचारले जाईल. पुष्कळ आहे. पाहणे शिकवणारे एक मोठे विद्यालय म्हणजे काव्य. देवांचे वर्णन पायांपासून आणि माणसांचे केसांपासून करावे, हा संकेत आपण संस्कृत टीकाकारांचा दाखला देत शिकवतो. नखशिखवर्णनाचे अलंकार परीक्षेत ओळखायला लावतो. भुंग्यांसारखे केस, शंखासारखा गळा, कर्दळीसारख्या मांड्या. साठ मुलेमुली वहीत उतरवून घेतात आणि त्यांतल्या प्रत्येक मुलीला आपला गळा आठवतो.

याच वर्गात ‘थेरीगाथा’ उघडता येते. वैशालीची गणिका अंबपाली, जिने बुद्धाच्या संघाला आपले आम्रवन दिले, म्हातारपणी १९ गाथा म्हणते. ती केसांपासून सुरुवात करते. भुवया, डोळे, नाक, कानाच्या पाळ्या, दात, आवाज, गळा, बाहू, स्तन, मांड्या, आणि शेवटी पाऊल. क्रम तोच, उपमाही कवींच्याच. प्रत्येक गाथेत आधी तो अवयव कसा होता ते आणि मग जरेने आज कसा झाला ते. मग सत्य बोलणाऱ्याचे बोल खोटे नाहीत अशा आशयाचे पालुपद. या गाथांत देहाची किळस शोधणारे अभ्यासक आहेत. आम्हाला ती तेथे सापडत नाही, देहप्रेमही सापडत नाही. आम्हाला ऐकू येतो तो एका निष्णात बाईचा आवाज, जिच्याकडे आयुष्यभर नगरीने पाहिले आणि जी आता पाहण्याचे काम स्वतःकडे घेते. कवीचे सगळे सामान वापरून ती एकेक उपमा जागेवर ठेवते, जशी घर सोडताना बाई भांडी पुसून फडताळात ठेवते. ‘विपश्यना’ या शब्दातही पाहणेच आहे. मुलगी पाहण्यातले ‘पाहणे’ आणि हे ‘पाहणे’ यांतले अंतर शिकवायला दुसरा इतका चांगला पाठ आम्हाला माहीत नाही.

एम. ए.च्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पुनर्रचना नव्या शैक्षणिक धोरणानुसार ठिकठिकाणी चालू आहे. नखशिखवर्णन राहू द्या. ते काढून टाका असे आम्ही म्हणत नाही, परंपरा कातरून शहाणपण येत नाही. पण त्याच घटकात, त्याच आठवड्यात, अंबपाली लावा. आणि प्रश्नपत्रिकेत ‘या वर्णनातील उपमा ओळखा’ याच्या शेजारी एक प्रश्न आणखी घाला: हे वर्णन कोण करीत आहे?